स्क्रीन धूसर, दोष कुणाचा?

पैंजणांच्या हुपरीतून रोज कोल्हापूरला कॉलेजला जायचं म्हणजे निम्मा जीव एसटीतच जातो. त्यापेक्षा घरी बसून लॅबचा कॉम्प्युटर वापरता आला तर? रिमोट डेस्कटॉप म्हणजे हेच. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. जुन्या पीसीवर विंडोज ११ बसत नाही, नवा घ्यायला पैसे नाहीत. मग उरतं फुकटातलं लिनक्स.

आणि इथूनच वैताग सुरू होतो. मॉनिटर १९२० बाय १०८० चा, पण स्क्रीन १०२४ बाय ७६८ वरच अडून बसते. अक्षरं ताणलेली, चित्रं फुगलेली. 'लिनक्सच बेकार' म्हणून आपण मोकळे होतो.

पण गंमत वेगळीच आहे. मॉनिटर आपलं माप केबलमधून कॉम्प्युटरला सांगतो. या ओळखपत्राला 'ईडीआयडी' म्हणतात. त्याचा मूळ भाग फक्त १२८ बाइटचा. व्हीजीए केबलची एखादी पिन तुटली किंवा मध्ये स्वस्तातला कन्व्हर्टर आला, की ते पोचतच नाही. मग कॉम्प्युटर अंदाजानं लहान माप धरतो. म्हणून आधी केबल बदलून बघा. तरीही जमलं नाही, तर 'सीव्हीटी' कमांड हव्या त्या मापाचा हिशेब काढून देते आणि 'एक्सरँडआर' तो स्क्रीनला लावते. मात्र हे एक्स ११ वर चालतं, नव्या वेलँडवर नाही. लॉगिन करताना 'एक्सऑर्ग'चा पर्याय दिसला तर तो निवडा.

रिमोटचं दुखणंही तसंच. लॅबच्या मशीनला मॉनिटरच जोडलेला नसेल, तर त्याला माप सांगणार कोण? एचडीएमआयचा छोटा 'डमी प्लग' लावला की मशीनला मॉनिटर असल्यासारखं वाटतं. 'एक्सआरडीपी'नं जोडल्यावर नुसती काळी स्क्रीन दिसते? बहुतेक वेळा आपण लॅबमध्ये लॉगआउट न करताच निघालेलो असतो. नेट रडत असेल तर रेमिनामध्ये रंग आणि रेझोल्यूशन कमी करा. अर्थात, लॅबच्या सरांची परवानगी आधी घ्यायची.

लिनक्स फुकट आहे, पण त्याच्यापायी जाणाऱ्या रात्री फुकट नाहीत. नवा लॅपटॉपवाला त्या वेळात प्रोजेक्ट संपवतो. आपण केबलशी झुंजत बसतो. सबमिशनची तारीख मात्र दोघांना एकच. कॉलेजनं लॅबच्या दारावर एवढ्या सूचनांचा एक कागद चिकटवला, तरी पुष्कळ रात्री वाचतील.