श्रमानंतरची दहा मिनिटे

क्रीडाक्षेत्रातील यशाचा विचार करताना सराव, आहार आणि जिद्द या तीन गोष्टींचा उल्लेख नेहमी केला जातो. विश्रांतीचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. शालेय स्पर्धांत धावण्याची शर्यत संपली की मुले अंतिम रेषेपाशीच बसकण मारतात. पंच व शिक्षक यांचे लक्ष तोवर पुढच्या गटाकडे वळलेले असते. श्रम थांबले म्हणजे व्यायाम संपला, असा समज त्यामागे असतो. वस्तुतः श्रमानंतरची पहिली दहा-पंधरा मिनिटे हा व्यायामाचाच एक भाग होय. त्या वेळात खेळाडू कशी हालचाल करतो, शरीर कसे ठेवतो आणि श्वास कसा घेतो, यावर त्याची पुढची फेरी आणि त्याच्या मनाची स्थिरता बऱ्याच अंशी अवलंबून असते.

या विश्रांतीचे मोल महाराष्ट्राच्या क्रीडा इतिहासातही नोंदले गेले आहे. सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी दीर्घकाळ झुंजल्यानंतर खाशाबांना लगेच सोव्हिएत मल्ल रशीद मामेदबेकोव्ह यांच्यासमोर उभे राहावे लागले. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी असा नियम होता. परंतु तो निदर्शनास आणून देण्यास भारताचा एकही पदाधिकारी तेथे हजर नव्हता, असे त्या स्पर्धेच्या वृत्तांतांत सांगितले जाते. तो अर्धा तास मिळता तर निकाल काय लागला असता, हे सांगता येत नाही. मात्र विश्रांती ही खेळाडूवरील कृपा नसून त्याचा हक्क आहे आणि तिची काळजी वाहणारे कोणीतरी मैदानावर असावे लागते, हा बोध त्यातून घेता येतो.

शरीरात काय घडते?

विश्रांतीच्या वेळी प्रौढ माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलते. कठोर श्रमाच्या वेळी हेच प्रमाण वीस लिटर किंवा त्याहूनही अधिक होते आणि त्यातील बहुतांश रक्त काम करणाऱ्या स्नायूंकडे जाते. पायांकडे गेलेले हे रक्त हृदयाकडे परत आणण्याच्या कामी पोटऱ्यांचे स्नायू मदत करतात. स्नायू आकुंचन पावले की त्यांच्यामधील शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. शिरांतील झडपा ते खाली परतू देत नाहीत. जोरात धावणारा मुलगा एकाएकी उभा राहिला की हा पंप बंद पडतो. रक्त पायांतच साचते, मेंदूकडे जाणारा पुरवठा कमी होतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. शर्यतीनंतर मुले भोवळ येऊन पडतात, त्याचे एक प्रमुख कारण हे होय.

दुसरा प्रश्न दुग्धाम्लाचा, म्हणजेच लॅक्टिक अॅसिडचा. स्नायूंतील उष्णता आणि दुग्धाम्ल यांवरील संशोधनाबद्दल आर्चिबाल्ड हिल व ओटो मायरहोफ या शास्त्रज्ञांना १९२२ सालचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. त्यानंतर अनेक वर्षे हा पदार्थ म्हणजे थकव्याचे विष मानला जात असे. पुढील संशोधनाने हा समज बदलला. श्रमात तयार होणारे लॅक्टेट हृदय आणि इतर स्नायू इंधन म्हणून वापरतात, असे आता सिद्ध झाले आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखते तेही लॅक्टेटमुळे नव्हे. सवयीबाहेरच्या श्रमाने स्नायुतंतूंना झालेली सूक्ष्म इजा हे त्याचे कारण होय.

सक्रिय विश्रांती

कठोर श्रमानंतर पूर्णपणे न थांबता हलकी हालचाल चालू ठेवणे, यास सक्रिय विश्रांती म्हणतात. चालणे, संथ धावणे किंवा सावकाश सायकल चालविणे हे तिचे सोपे प्रकार. स्वस्थ बसून राहिल्यास रक्तातील वाढलेले लॅक्टेट मूळ पातळीवर येण्यास साधारणतः तासभर लागतो. हलकी हालचाल चालू ठेवल्यास हा काळ बराच कमी होतो. हालचालीचा वेग किती असावा, याची कसोटी सोपी आहे. खेळाडूला धाप न लागता पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य मध्येच तुटत असेल, तर ती विश्रांती नसून नवे श्रमच ठरतात.

मात्र या पद्धतीच्या मर्यादाही शिक्षकांनी लक्षात घेणे अगत्याचे आहे. काही सेकंदांच्या झटापटीसाठी लागणारी शक्ती स्नायूंतील क्रिएटिन फॉस्फेट या साठ्यातून मिळते. हा साठा निम्म्याच्या आसपास अर्ध्या मिनिटात आणि जवळजवळ पूर्ण तीन ते पाच मिनिटांत भरून येतो. त्यासाठी प्राणवायू लागतो. म्हणून कबड्डीत तीस सेकंदांची चढाई करून परतलेल्या खेळाडूने पुढच्या चढाईपूर्वी उगाच धावपळ न करता शांत उभे राहणे अधिक हिताचे असते. याउलट दोन सामन्यांमध्ये किंवा दोन फेऱ्यांमध्ये बराच अवधी असेल, तेव्हा आरंभी संथ चालणे व नंतर बसून विश्रांती घेणे योग्य ठरते. दुसरी मर्यादा अशी की, दुसऱ्या दिवशीची अंगदुखी सक्रिय विश्रांतीने टळते, असे निश्चितपणे दिसून आलेले नाही. पुरेशी झोप, योग्य आहार आणि सरावातील क्रमशः वाढ यांना पर्याय नाही.

शरीराची ठेवण आणि श्वास

फुप्फुसांना स्वतःची हालचाल नसते. छाती व पोट यांच्यामधील श्वासपटल खाली सरकले आणि बरगड्या फाकल्या म्हणजे हवा आत येते. पाठीला पोक काढून, खांदे पुढे ओढून बसणाऱ्याच्या श्वासपटलाला पुरेसा वाव मिळत नाही आणि श्वास उथळ होतो. धावतानाही मान पुढे काढली आणि खांदे आवळून धरले, तर मान व खांद्यांचे स्नायू अकारण शिणतात. ताठ पण सैल पाठ, सरळ मान आणि मोकळे खांदे हीच धावण्यास व बसण्यास हितकारक ठेवण होय. ही सवय मैदानापेक्षा वर्गात अधिक घडते. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये, असे २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात म्हटले आहे, ते या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे.

येथे एका रूढ समजाची दखल घेतली पाहिजे. दमलेला मुलगा गुडघ्यांवर हात टेकून वाकला की “वाकू नकोस, हात डोक्यावर घे” असे त्याला दरडावले जाते. वाकणे हे दुबळेपणाचे लक्षण मानले जाते. परंतु २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, कठोर धावण्यानंतर हात डोक्यावर घेऊन उभे राहण्यापेक्षा हात गुडघ्यांवर टेकून वाकल्याने हृदयाची गती अधिक लवकर खाली आल्याचे आढळले. या स्थितीत खांद्यांना आधार मिळतो व श्वासपटलाचे काम सुलभ होते. प्रयोग लहान गटावरील होता, हे खरे. तरी क्षणभर वाकलेल्या मुलास शिक्षा करण्याचे कारण नाही, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येईल. धाप थोडी ओसरली की त्याने पुन्हा चालू लागावे.

मनाची स्थिरता

श्वास हा शरीर व मन यांना जोडणारा दुवा आहे. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात. हृदय मंदावण्याचे हे काम मुख्यतः व्हेगस या मज्जातंतूमार्फत होते. सामान्यपणे मिनिटाला बारा ते वीस वेळा चालणारा श्वास सहा वेळांच्या आसपास आणला आणि उच्छ्वास लांबविला, तर शरीर विसाव्याच्या अवस्थेकडे झुकते. महाराष्ट्रात या विषयाच्या शास्त्रीय अभ्यासाची परंपरा जुनी आहे. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम संस्था स्थापन केली व आसन-प्राणायामाचे शरीरावरील परिणाम उपकरणांच्या साहाय्याने तपासण्यास आरंभ केला. शवासनातील स्वस्थता हा केवळ आळस नव्हे, हे त्यानंतर अनेकांच्या अभ्यासातून पुढे आले आहे. पराभवाने खचलेल्या किंवा पुढच्या फेरीच्या चिंतेने अस्वस्थ झालेल्या मुलाला उपदेशापेक्षा ही दोन-तीन मिनिटे अधिक उपयोगी पडतात.

शाळा व ग्रामपंचायत यांना काय करता येईल?

यासाठी कोणतीही साधनसामग्री विकत घ्यावी लागत नाही. धावपट्टीवर अंतिम रेषेच्या पुढे काही मीटर जागा मोकळी ठेवावी आणि शर्यत संपलेल्या मुलांना तेथून चालत पुढे जाण्यास सांगावे. सुमारे पाच मिनिटे चालणे, सावलीत थोडे थोडे पाणी पिणे, त्यानंतर पाठ सरळ ठेवून बसणे आणि संथ श्वसन, असा क्रम ठेवावा. पंधरा सेकंदांतील नाडीचे ठोके मोजून त्यांस चाराने गुणण्यास मुलांना शिकवावे. गती किती लवकर उतरते हे त्यांचे त्यांनाच कळू लागते. स्पर्धेचे वेळापत्रक आखताना एकाच खेळाडूच्या दोन फेऱ्यांमध्ये पुरेसे अंतर राहील, हे संयोजकांनी पाहावे.

गावोगावी पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या तरुणांनाही ही माहिती मिळणे आवश्यक आहे. राज्य पोलीस भरतीसाठी पुरुष उमेदवारांना १६०० मीटर आणि महिला उमेदवारांना ८०० मीटर धावावे लागते. कित्येक तरुण मार्गदर्शकाविना सराव करतात आणि धाव संपताच रस्त्याकडेला कोसळून बसतात. ग्रामपंचायतीने मैदान, सावली व पिण्याचे पाणी यांची सोय केली आणि शाळेच्या क्रीडाशिक्षकाने आठवड्यातून एक दिवस मार्गदर्शन केले, तर मोठे काम होईल.

एक सावधगिरी मात्र सर्वांनी बाळगली पाहिजे. भोवळ आलेल्यास बळेच चालवू नये. सावलीत आडवे झोपवून त्याचे पाय थोडे उंच ठेवावेत. छातीत दुखणे, बरळणे किंवा अंग अतिशय तापणे ही लक्षणे दिसल्यास विनाविलंब वैद्यकीय मदत बोलवावी. अंग तापले असेल तर मदत येईपर्यंत त्यावर पाणी ओतून वारा घालीत राहावे.

क्रीडादिनाच्या कार्यक्रमपत्रिकेत उद्घाटन, सत्कार व बक्षीससमारंभ यांना वेळ राखून ठेवलेला असतो. त्याच पत्रिकेत प्रत्येक शर्यतीनंतर दहा मिनिटांची नोंद झाली, तर मैदानावर उतरणाऱ्या प्रत्येक मुलाला तिचा लाभ होईल, मग त्याला बक्षीस मिळो वा न मिळो.