ओंजळभर प्रकाशाचा जमाखर्च

सन २००९ च्या ऑगस्ट महिन्यात जपानच्या कॅनन कंपनीने ‘पॉवरशॉट एस९०’ आणि ‘पॉवरशॉट जी११’ हे दोन लहान कॅमेरे एकाच वेळी जाहीर केले. आदल्या वर्षीच्या ‘जी१०’मध्ये १ कोटी ४७ लाख प्रकाशबिंदू (पिक्सेल) होते, आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे नव्यांत ते दोन कोटींच्या दिशेने जावयाचे, परंतु कंपनीने ती संख्या घटवून १ कोटीवर आणली. दरसाल मेगापिक्सेलचा आकडा वाढवावयाचा आणि तोच दुकानाच्या काचेवर ठळकपणे लावावयाचा, असा दस्तूर पडलेल्या व्यवसायात एका बड्या उत्पादकाने आपण होऊन मागे घेतलेले हे पाऊल माझ्या मते त्या यंत्रांच्या इतिहासातील अत्यंत प्रामाणिक पाऊल होते. योगायोग असा की, या दोन्ही कॅमेऱ्यांच्या पोटात जी प्रकाशसंवेदक पट्टी होती, त्या सीसीडीचे मूळ आरेखन १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत करणारे विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांना २००९ सालीच पदार्थविज्ञानाच्या नोबेल पारितोषिकाचा निम्मा वाटा मिळाला.

त्या दोहोंपैकी धाकटा, म्हणजे एस९०, गेली कित्येक वर्षे माझ्या वापरात आहे, आणि हा लेख मुख्यत्वे त्याच्याविषयी आहे. लांबी १० सेंटिमीटर, जाडी ३ सेंटिमीटरच्या किंचित वर, आणि बॅटरी सोडून वजन पावणेदोनशे ग्रॅम, असा हा काळा ठोकळा सदऱ्याच्या खिशात सहज मावतो. त्याला डोळा लावून पाहण्याची खिडकी नाही. मागचा तीन इंची पडदा हीच त्याची दृष्टी. मात्र भिंगाभोवती एक दातेरी कडे आहे, आणि ते फिरवताना जुन्या कॅमेऱ्यांच्या अपर्चरच्या कड्याप्रमाणे टप्प्याटप्प्याला टिकटिक वाजते. अपर्चर, आयएसओ, फोकस, झूम, यांपैकी हवे ते काम त्या कड्याकडे सोपवावे, अशी मुभा आहे. ज्याची उमेदवारी रोलच्या कॅमेऱ्यावर झाली, त्याच्या बोटांना या कड्याची ओळख सांगावी लागत नाही.

आता या यंत्राची सांपत्तिक स्थिती पाहू. प्रकाश हे कॅमेऱ्याचे एकमेव उत्पन्न होय. ३५ मिलिमीटर फिल्मची एक चौकट ३६ बाय २४, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटरांची. एस९० ची पट्टी सुमारे ७.६ बाय ५.७, म्हणजे अवघी ४३ चौरस मिलिमीटरांची. शेत विसाव्या हिश्शाचे, आणि पेरणी एक कोटी रोपांची. एकेका प्रकाशबिंदूच्या वाट्याला जेमतेम दोन मायक्रॉन रुंदीची जागा येते, आणि त्या जागेत प्रकाशाचे कण पावसाच्या थेंबांसारखे, अनियमितपणे पडतात. दहा हजार कण पडले तर त्यांत शंभराची चूकभूल, म्हणजे शेकडा एक. शंभरच पडले तर दहाची, म्हणजे शेकडा दहा. डोळ्यांना सावलीत रवाळ, रंगीबेरंगी ठिपक्यांच्या रूपाने जो नॉइज दिसतो, तो बव्हंशी हाच हिशेबातला फरक आहे. अंधार पडल्यावर कॅमेरा आयएसओ वाढवतो तेव्हा तो प्रकाश आणीत नाही. आलेल्या तुटपुंज्या रकमेला मोठ्या आकड्याने गुणतो, आणि तिच्याबरोबर चूकही गुणली जाते.

बिंदू कमी केल्याने पट्टीवर पडणारा एकूण प्रकाश वाढत नाही, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. वाटणी थोडी कमी तोंडांत झाली, इतकेच. एस९० ची खरी मिळकत त्याच्या भिंगात आहे. झूम पूर्ण मागे असताना, म्हणजे फिल्मच्या हिशेबाने २८ मिलिमीटरवर, ते एफ/२ इतके उघडते, आणि भावंड असलेल्या जी११ च्या एफ/२.८ पेक्षा दुप्पट प्रकाश आत घेते. परंतु हेच भिंग १०५ मिलिमीटरपर्यंत ताणले की एफ/४.९ वर येते, आणि प्रकाश एकदम सहाव्या हिश्शावर उतरतो. यामुळे या कॅमेऱ्याचा पहिला कायदा मी असा समजतो की, झूमची खिट्टी दाबण्याआधी चार पावले पुढे चालून पाहावे.

दुसरा कायदा जुन्या हातांना पटण्यास कठीण जातो. फिल्मवर शिकलेला मनुष्य सुस्पष्टतेसाठी छिद्र बारीक करून एफ/८ लावतो, आणि त्या कॅमेऱ्यात ते योग्यही असते. प्रकाश लहान छिद्रातून जाताना पसरतो, आणि एका ठिपक्याची चकती होते; एफ/८ ला ती चकती सुमारे साडेदहा मायक्रॉनची असते. फिल्मच्या चौकटीत तिचा उपद्रव जाणवत नाही. दोन मायक्रॉनच्या बिंदूंवर मात्र ती रुंदीत पाच बिंदूंना झाकते, आणि सारे चित्र ओल्या काचेतून पाहिल्यासारखे मऊ होते. तशात या लहान पट्टीपुढचे भिंग जवळच्या आणि दूरच्या वस्तू मुळातच एकदम स्पष्ट दाखवते: एफ/२ ला ते जेवढी खोली देते, तेवढ्यासाठी फिल्मच्या कॅमेऱ्यावर एफ/९ च्या आसपास जावे लागले असते. म्हणून छिद्र बारीक करून येथे फायदा काही नाही, तोटा मात्र दुहेरी आहे. एफ/२.८ ते एफ/४ या टापूतच या यंत्राचा खरा अंमल चालतो.

हे सारे मी पुस्तकी मार्गाने शिकलो असे नाही. एका स्नेह्यांच्या घरी मोडी लिपीतल्या जुन्या कागदांचे चार रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, निघाले, आणि ते दफ्तरखान्याच्या स्वाधीन करण्यापूर्वी त्यांच्या प्रती घरात राहाव्यात, अशी घरातल्या वडीलधाऱ्यांची इच्छा होती. मी मोठ्या उत्साहाने एफ/८ लावले, फ्लॅश मारला, आणि पन्नास कागद तासाभरात उरकले. संध्याकाळी संगणकावर ते मोठे करून पाहिले तेव्हा मला फार वाईट वाटले. कागदाच्या मधोमध फ्लॅशचा पांढरा डाग, कडांना काळोखी, आणि अक्षरे वाचता येत असली तरी त्यांतला हात नाहीसा झालेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही उत्तरेच्या खिडकीपाशी पाट मांडला. एका अंगाने खिडकीचा प्रकाश, दुसऱ्या अंगाने तो परतवणारा थर्मोकोलचा पांढरा तुकडा, आणि वर तिपाईच्या दांड्याला बांधून खाली तोंड केलेला कॅमेरा. २८ मिलिमीटरवर या भिंगाच्या सरळ रेषा मुळात पिंपाच्या पोटासारख्या फुगतात आणि त्या आतल्या आत गणिताने सरळ केल्या जातात, यात कोपऱ्यांचा बारकावा थोडा ताणला जातो. म्हणून कॅमेरा उंच नेऊन झूम मध्यावर आणला. आयएसओ ८०, अपर्चर एफ/४. प्रकाशमापकाला सारे जग मध्यम करड्या रंगाचे वाटते, त्यामुळे फिकट कागद तो हटकून मळकट करतो. त्याला दोन तृतीयांश टप्प्याची वाढ दिली. शटर एक अष्टमांश सेकंदाचे आले, पण बटण दाबताना बोटाचा धक्का लागू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावला होता, आणि कॅमेरा स्थिर असल्याने स्थिरीकरण बंद केले होते.

त्या प्रती पडद्यावर उघडल्या तेव्हा आम्ही बराच वेळ बोललो नाही. बोरू शाईत बुडवल्यावरची पहिली दोन अक्षरे गडद, मग हळूहळू फिकट होत जाणारी ओळ, आणि पुन्हा बोरू बुडवल्याची जागा, हे सारे त्यात होते. लिहिणाऱ्याने आधी आखून घेतलेली आडवी रेघ कोठे हलली, हे दिसत होते. शाई सुकण्यासाठी टाकलेल्या वाळूचे दोन-तीन चमकणारे कण एका जोडाक्षराच्या गाठीत तसेच अडकून राहिलेले होते. आदल्या दिवशीचा कॅमेरा हाच होता, कागद हेच होते.

याच कागदांवर एकदा आयएसओ ८०० लावून रुजुवात पाहिली. नॉइज पुसण्यासाठी कॅमेरा आतून जी सफाई करतो, तिला वाळूचा कण आणि प्रकाशाची चूक यांतला फरक कळत नाही. तिने दोन्ही पुसून टाकले, आणि कागदाच्या तंतूंच्या जागी मेणासारखा गुळगुळीत पृष्ठभाग दिला. सफाईचा हा अधिकार यंत्राकडे न देता स्वतःकडे ठेवावयाचा असेल तर रॉ फाइल घ्यावी. आपल्याकडच्या कचेऱ्यांतला ‘अस्सल’ आणि ‘नक्कल’ हा भेद येथे तंतोतंत लागू पडतो. पट्टीवर जे उमटले ते रॉ मध्ये जसेच्या तसे राहते, एकेका रंगाच्या ४०९६ पायऱ्यांसह. जेपीईजी ही कॅमेऱ्यातल्या कारकुनाने झटपट उतरवलेली, २५६ पायऱ्यांची नक्कल. घाईच्या कामाला नक्कल पुरते, पण जपून ठेवावयाच्या चित्राची अस्सल प्रत नष्ट करणे मला अपराध वाटतो.

अर्थात अस्सलालाही मर्यादा आहे. लहान बिंदूंची पात्रे लवकर भरतात, आणि एकदा भरून सांडलेला प्रकाश कोणत्याही उपायाने परत मिळत नाही. संध्याकाळी देवघरात समईचे चित्र काढताना हे फार जाणवते: ज्योतीचा आकार राखावा तर पितळेचा दांडा काळोखात जातो, आणि दांडा उजळावा तर ज्योतीच्या जागी पांढरे भोक पडते. अशा वेळी पडद्यावरचा प्रकाशाचा आलेख (हिस्टोग्राम) उजव्या भिंतीला टेकणार नाही इतपत एक्स्पोजर उतरवावे, कॅमेरा पाटावर किंवा तांदळाच्या लहान पिशवीवर टेकवावा, आणि हाती धरणेच भाग असेल तर खांबाला पाठ लावून अर्धा श्वास सोडल्यावर बटण दाबावे. फ्लॅश लावला तर समई दिसेल, पण तिचा उजेड दिसणार नाही.

राहिली देखभाल. आपल्या पावसाळ्यात भिंगावर बुरशी चढते, आणि या जातीचे भिंग सहसा उघडून साफ करता येत नाही; तेव्हा जून ते सप्टेंबर हा कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह राहावा. भिंगावर बोटाचा ठसा उमटला असेल तर वर सांगितलेले सगळे व्यर्थ आहे, आणि चित्र धुरकट येण्याचे पहिले कारण बहुधा हा ठसाच असतो.

घरोघरी आज असे छोटे कॅमेरे कपाटाच्या खणात, चार्जरच्या गुंडाळलेल्या तारेखाली पडून आहेत. तुमच्याकडे असेल तर तो काढा, बॅटरी भरा, भिंग मऊ सुती फडक्याने पुसा, आयएसओ सर्वांत खालच्या आकड्यावर आणा, आणि घरातला एखादा जुना कागद घेऊन सकाळी दहाच्या सुमारास उत्तरेच्या खिडकीपाशी बसा.