गळतीचा हिशेब आणि सदनिकेची किंमत

जुनी सदनिका घेताना ठरलेली किंमत दुरुस्तीच्या कारणाने कमी करून घेता येते. मात्र कोणता खर्च कोणाचा, हे आधी समजून घ्यावे लागते

विसाराची रक्कम देऊन झालेली असते, गृहकर्जाचा अर्ज बँकेत गेलेला असतो, घरात रंगांची चर्चा सुरू झालेली असते. अशा वेळी सदनिका दुसऱ्यांदा पाहायला गेल्यावर न्हाणीघराच्या छतावर ओल दिसते. पहिल्या भेटीत ती नव्या रंगाखाली झाकलेली असते, किंवा उन्हाळ्यात वाळलेली असते. मालक म्हणतो, 'वरच्यांचे काम आहे, ते करून देतील.' दलाल म्हणतो, 'जुन्या इमारतीत एवढे चालायचेच.' खरेदीदारापुढे प्रश्न उरतो तो आयुष्यभराच्या पुंजीचा. व्यवहार मोडावा, गप्प बसावे की किंमत पुन्हा ठरवावी?

मुंबई, ठाणे, पुणे परिसरात पुनर्विक्रीच्या बाजारात येणाऱ्या अनेक सदनिका तीस-चाळीस वर्षे जुन्या इमारतींतील आहेत. त्यांच्याबाबत तिसरा मार्ग सर्वांत व्यवहार्य ठरतो. त्याला कायद्याचाही आधार आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विक्रेत्याला माहीत असलेला, पण खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही कळू शकणार नाही असा मालमत्तेतील महत्त्वाचा दोष उघड करणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. या वाक्याची दुसरी बाजू मात्र पुष्कळजण विसरतात. जो दोष डोळे उघडे ठेवून पाहिल्यास दिसला असता, त्याबद्दल मागाहून तक्रार करणे अवघड. फुटलेल्या लाद्या, जुना कडाप्प्याचा ओटा, निखळलेली खिडकी हे सारे पहिल्या भेटीतच दिसते आणि ते धरूनच किंमत ठरली, असा युक्तिवाद विक्रेता करणार व तो चुकीचा नसेल. गिलाव्याआड गंजलेली सळई, छुप्या नळांची गळती, संस्थेने मंजूर केलेली पण विक्रेत्याने न सांगितलेली दुरुस्ती वर्गणी या गोष्टी वेगळ्या.

ओल कोठून येते?

किमतीच्या चर्चेआधी ओलीचा उगम शोधावा लागतो. कारण त्यावरच खर्च कोणाचा हे ठरते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची, बाहेरील भिंती, सामाईक जलवाहिन्या व मलवाहिन्या यांतून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती संस्थेने आपल्या खर्चाने करायची असते. न्हाणीघर, शौचालय, मोरी यांमुळे सदनिकेच्या आतून होणारी गळती ही त्या-त्या सभासदाची जबाबदारी.

न्हाणीघराच्या छतावरील ओल बहुधा वरच्या मजल्यावरून येते. तेथील लादीखालचे जलरोधक काम निकामी झाले असेल, तर वरची लादी उखडल्याखेरीज इलाज नाही. म्हणजे खालच्या सदनिकेची किंमत दोन लाखांनी उतरली तरी गळती थांबत नाही. वरच्या सभासदाची संमती विकत मिळत नाही. त्यामुळे या एका बाबतीत सवलतीपेक्षा विक्रेत्याने संस्थेकडे लेखी तक्रार करणे, समितीकडून पाहणी करवून घेणे आणि काम पूर्ण झाल्यावरच करारनामा करणे अधिक शहाणपणाचे. विक्रेता अजून सभासद आहे, त्याचा शब्द समितीत चालतो. नव्या माणसाला तेच काम करून घ्यायला किती पावसाळे लागतील याचा नेम नसतो.

छतावर वा तुळईवर लांब सरळ भेग दिसली, गिलावा टोकून पोकळ आवाज आला किंवा तांबूस डाग दिसले, तर आतील लोखंड गंजले असण्याची शक्यता असते. गंजलेले लोखंड फुगते आणि भोवतीचे काँक्रीट फोडून बाहेर ढकलते. वरून गिलावा थापून असा दोष बरा होत नाही. अशा वेळी गवंडी किंवा रंगाऱ्याचा अंदाज पुरेसा नाही. संरचना अभियंत्याला एकदा घर दाखवावे. त्याचे शुल्क सदनिकेच्या किमतीपुढे नगण्य असते आणि किंमत कमी करण्याच्या बोलणीत त्याचा दोन पानी लेखी अहवाल तासाभराच्या वादापेक्षा अधिक काम करतो. खांब किंवा तुळई तोडून घर 'मोकळे' केले आहे का, हेही त्याच भेटीत पाहता येते. जुलै २०१७ मध्ये घाटकोपरची साईदर्शन इमारत कोसळून १७ जणांचा बळी गेला, तेव्हा तळमजल्यावरील नूतनीकरणात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला होता.

संस्थेच्या दप्तरात काय आहे?

घराच्या आतील दुरुस्तीपेक्षा मोठा आकडा पुष्कळदा संस्थेच्या इतिवृत्तात दडलेला असतो. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरील इमारतीची तीन वर्षांतून एकदा करायची असते. हा अहवाल विक्रेत्यामार्फत मागावा. मुंबई महापालिकेच्या वर्गवारीत 'सी-१' म्हणजे रिकामी करून पाडण्याजोगी इमारत, 'सी-२ ए' म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, 'सी-२ बी' म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती, तर 'सी-३' म्हणजे किरकोळ दुरुस्ती. 'सी-१' असेल तर घासाघिशीत वेळ घालवू नये.

अहवालानंतर सर्वसाधारण सभेने दुरुस्तीचा ठराव केला आहे का, प्रत्येक सदनिकेमागे वर्गणी किती, हप्ते किती उरले आणि दुरुस्ती निधीत शिल्लक काय, हे विचारावे. 'पुनर्विकास होणारच आहे, दुरुस्ती कशाला धरता?' असे सांगितले गेल्यास त्याचाही ठराव मागावा. तोंडी पुनर्विकासावर किंमत वाढवून घेण्याची आणि लेखी दुरुस्तीवर ती कमी न करण्याची हातोटी दलालांना चांगली साधलेली असते.

आकड्यांचा खेळ

प्रातिनिधिक उदाहरण घेऊ. मुलुंडमधील एका सदनिकेची किंमत ८२ लाख रुपये ठरली. तपासणीत आतील दुरुस्ती अडीच लाखांची निघाली: गंजलेल्या सळयांवर प्रक्रिया, गिलावा आणि वीजवाहिन्या बदलणे. शिवाय संस्थेने दुरुस्तीसाठी तीन लाखांची वर्गणी मंजूर केली असून ती भरायची आहे. खरेदीदार साडेपाच लाखांची सवलत मागतो. विक्रेत्याचे म्हणणे, इमारत दुरुस्त झाल्यावर लाभ नव्या मालकाचाच. वीजवाहिन्या जुन्या आहेत हे तर बटणे पाहूनच कळत होते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. तथापि ठराव सौद्याआधीचा असून तो सांगितला गेला नसेल, तर वर्गणीचा भार विक्रेत्याने उचलणे न्याय्य. सळया लपलेल्या होत्या, वीजवाहिन्या नव्हत्या. तेव्हा वर्गणीचे तीन लाख आणि सळया-गिलाव्यापोटी एक लाख, अशी चार लाखांची कपात होऊन सौदा ७८ लाखांवर येणे वाजवी म्हणता येईल.

येथे एक गोष्ट नीट पाहावी. रिझर्व्ह बँकेच्या निकषांनुसार ७५ लाखांवरील गृहकर्जात बँक मालमत्तेच्या मूल्याच्या ७५ टक्क्यांपर्यंत, तर ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत रक्कम देऊ शकते. समजा, बँकेने या सदनिकेवर ७५ टक्केच कर्ज मंजूर केले. ८२ लाखांवर कर्ज साडेएकसष्ट लाख, पदरचे साडेवीस लाख. ७८ लाखांवर कर्ज साडेअठ्ठावन्न लाख, पदरचे साडेएकोणीस लाख. म्हणजे चार लाखांची सवलत मिळूनही हाताशी रोख एकच लाख उरते आणि वर्गणी व दुरुस्तीसाठी मात्र साडेपाच लाख उभे करायचे असतात. यासाठीच वर्गणी विक्रेत्याने हस्तांतरणापूर्वी संस्थेत स्वतः भरून पावती द्यावी आणि किंमत केवळ एका लाखाने उतरवावी, ही रचना अनेकदा खरेदीदाराला अधिक सोयीची पडते. विक्रेत्याच्या हिशेबात फरक नाही. करारात ८२ लाखच दाखवून चार लाख मागल्या दाराने रोखीने परत करण्याची सूचना आली, तर ती बँकेची फसवणूक आहे हे ध्यानात ठेवावे.

मुद्रांक शुल्काचे गणितही वेगळे. ते करारातील किंमत किंवा शासनाच्या वार्षिक मूल्य दर तक्त्यानुसार येणारे बाजारमूल्य, यांपैकी जे अधिक त्यावर आकारले जाते. तक्त्यातील मूल्य ८० लाख असेल, तर ७८ लाखांच्या करारावरही शुल्क ८० लाखांवरच. हे शासकीय मूल्य करारातील किमतीच्या ११० टक्क्यांहून अधिक झाल्यास प्राप्तिकराचा प्रश्न विक्रेता व खरेदीदार दोघांपुढेही उभा राहतो. त्यामुळे मोठी कपात मागण्याआधी सनदी लेखापालाशी बोलून घ्यावे.

केव्हा आणि कसे बोलावे?

सर्वांत चांगली वेळ विसार देण्यापूर्वीची. ते जमले नाही, तर विसार पावतीतच 'संरचनात्मक तपासणी व संस्थेच्या कागदपत्रांची पडताळणी समाधानकारक झाल्यास' अशी अट घालून, अन्यथा रक्कम किती दिवसांत परत होईल हे लिहून घ्यावे. अशी अट नसलेल्या पावतीवर विक्रेता अडून बसला, तर विसारावर पाणी सोडण्याची भीती खरेदीदाराचे तोंड बंद करते. करारनामा नोंदवल्यानंतर किंमत बदलणे शक्य असले तरी पुरवणी दस्त, बँकेची नवी मंजुरी आणि वेळ, सारेच वाढते.

दोन भेटींपैकी एक भर पावसात असावी. पितृपंधरवड्यात अनेकजण सौदे टाळतात. घाईत असलेला विक्रेता त्या दिवसांत थोडा मऊ झालेला आढळतो, हा अनुभव दलालही खासगीत मान्य करतात.

विक्रेता स्वतः दुरुस्ती करून देतो म्हणाला, तर काम उन्हाळ्यात उरकून वर रंग मारला जाण्याचा धोका असतो. अशा वेळी शेवटच्या हप्त्यातील ठरावीक रक्कम पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवण्याचे कलम करारात घालता येते. विक्रेते त्याला सहजी तयार होत नाहीत, आणि कर्जाचा शेवटचा धनादेश बँकेकडूनच जात असल्याने ही राखीव रक्कम खरेदीदाराच्या स्वतःच्या वाट्यातून ठेवावी लागते. कोणत्या भिंतीची, कोणत्या छताची दुरुस्ती आणि कोणत्या तारखेला दोघांनी मिळून पाहणी करायची, हे त्याच कलमात लिहिलेले असावे.