नाशिकचे विजयानंद आणि कष्टकऱ्यांचा सिनेमा

नाशिकच्या विजयानंद थिएटरचे नाव इतिहासात आहे ते जॅक्सनच्या वधामुळे. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री तेथे ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग होता. बदली झालेले कलेक्टर जॅक्सन निरोपासाठी आले होते. अनंत कान्हेरे यांनी तेथेच त्यांना गोळ्या घातल्या. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे फासावर गेले. एवढे सर्वांना ठाऊक असते. पण या नाटकगृहाचे पुढे चित्रपटगृह झाले आणि हमाल, विडी कामगार, हातगाडीवाले तेथे घामाच्या पैशाने सिनेमा पाहत आले, हे कोण सांगतो?

नाशिकचे आणि सिनेमाचे नाते जुने. त्र्यंबकेश्वरात १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला. त्याच वर्षी ते बिऱ्हाड घेऊन नाशिकला आले आणि पुढचे चित्रपट येथे काढू लागले. १९३१ साली बोलपट आला आणि मूकपटांचा जमाना सरला. फाळके १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकलाच वारले. त्यांचे स्मारक पांडवलेण्यांच्या पायथ्याशी आहे. शेजारच्या बुद्धविहारात आपली मंडळी मुलाबाळांसह जातात, तेव्हा ते नजरेस पडतेच.

विजयानंदप्रमाणे सर्कल, हेमलता, दामोदर, मधुकर, महालक्ष्मी ही नावे आमच्या पिढीला तोंडपाठ. पगार झाला की सिनेमा ठरलेला. घरची भाकरी-चटणी फडक्यात बांधून बायका निघत, तान्ही मुले मांडीवर. याच शहरात काळाराम मंदिराच्या दाराशी २ मार्च १९३० पासून सत्याग्रह करावा लागला होता. आमच्या लहानपणी थिएटरच्या खिडकीवर मात्र कुणी आडनाव विचारीत नसे. भेद होता तो स्टॉल आणि बाल्कनीचा, आणि तो चार पैसे जास्त टाकून एका संध्याकाळपुरता मिटवता येई. माझी आई बाल्कनीत बसली की वळून वळून खाली पाहत असे!

मग ही थिएटरे का बसली? लोक टीव्हीला आणि केबलला दोष देतात. तो आहेच. पण मी हिशेबाचा माणूस, मला खर्चाची बाजू आधी दिसते. समजा सातशे खुर्च्यांचे थिएटर आहे आणि दुपारच्या खेळाला पन्नास माणसे आली. साठ रुपये तिकीट धरले तर गल्ला तीन हजार. त्यातून कर आणि वितरकाचा वाटा जायचा. वीज, ऑपरेटर, डोअरकीपर, झाडूवाली यांचा खर्च मात्र सातशे माणसांना लागतो तेवढाच. मल्टिप्लेक्सवाला चालत नसलेला सिनेमा लहान पडद्यावर ढकलतो. त्यात २००१ साली राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना सुरुवातीची काही वर्षे करमणूक करात सवलत दिली. जुन्या थिएटरांना तशी सवलत का नव्हती, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता. पुढे रिळे गेली, डिजिटल यंत्रे आली, त्यांचा खर्च वेगळा. कोरोनात मार्च २०२० पासून पडदे बंद झाले. नोव्हेंबरमध्ये निम्म्या खुर्च्यांवर उघडले, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद पडले आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडले. एवढी मोडतोड कोणत्या छोट्या मालकाने सोसायची?

प्रेक्षक संपला म्हणावे तर तेही खरे नाही. २९ एप्रिल २०१६ ला नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ आला तेव्हा खेड्यापाड्यांतून लोक गाड्या भरून आले. काही ठिकाणी मध्यरात्रीही खेळ लावावे लागले. पडद्यावर आपली माणसे आणि तिकीट आवाक्यात, एवढे जमले की कष्टकरी घरी बसत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. त्यापुढच्या तिकिटावर तो १८ टक्केच आहे. म्हणजे सवलत स्वस्त तिकिटाला, आणि स्वस्त तिकीट विकणारी थिएटरेच कमी होत चालली. मल्टिप्लेक्सचे तिकीट दोनशे रुपये धरले, तरी पाच माणसांच्या कुटुंबाला हजार रुपये लागतात, रिक्षा आणि मक्याच्या लाह्या वेगळ्या. आणि घरची भाकरी तेथे दारातच अडवतात.