भुयारी मेट्रो आणि आमचा बाजार

आमच्या मुंबईत वाहन बदलले की बाजारही बदलतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली. १८७४ साली घोड्यांची ट्राम आली, आणि तिची एक फेरी बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीला जात असे. १९०७ साली विजेची ट्राम आली व ३१ मार्च १९६४ रोजी तीही बंद झाली. कापडबाजाराने हे सारे पाहिले.

मेट्रोची सुरुवात मात्र बाजारापासून दूर झाली. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही ११.४ किलोमीटरची पहिली मार्गिका ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. दक्षिण मुंबईत दाट वस्तीमुळे खांबांवरून गाडी नेणे शक्य नव्हते, म्हणून आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची तिसरी मार्गिका जमिनीखालून नेण्यात आली. जपानच्या कर्जाची मदत घेऊन १७ यंत्रांनी बोगदे खोदले. पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये, दुसरा मे २०२५ मध्ये आणि कफ परेडपर्यंतचा शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये खुला झाला. आता गिरगाव, काळबादेवी व सीएसएमटी ही स्थानके आमच्या उंबरठ्याशी आहेत.

फायदा उघड आहे. अंधेरी, वांद्र्याचे गिऱ्हाईक घाम न गाळता बाजारात पोचते. पण गिऱ्हाईक मेट्रोने आले तरी माल मेट्रोने येत नाही. कापडाचे गठ्ठे आजही टेम्पो, हातगाडी आणि हमालाच्या पाठीवरूनच येतात. म्हणून रस्ता मोकळा राहणे आम्हाला तितकेच गरजेचे आहे.

या सोयीची किंमत बाजाराने आधीच मोजली आहे. कामाच्या वर्षांत पत्र्यांच्या कुंपणामुळे हातगाड्यांना वळसा पडे. ऐन ईदच्या हंगामात गिऱ्हाईक परत फिरे. स्थानकांसाठी काळबादेवी-गिरगावच्या काही जुन्या इमारती रिकाम्या कराव्या लागल्या. आमच्या ओळखीच्या एका पगडीच्या दुकानदाराची भाडेपावती मरहूम वडिलांच्या नावे होती. तीन भाऊ, वारसाचा दाखला नाही. दुकान त्यांचेच, हे सारा बाजार जाणत होता; कागद मात्र जाणत नव्हता. हक्क सिद्ध करता करता त्यांचे दोन हंगाम गेले.

ही गोष्ट सांगण्याचे कारण आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अकराव्या मार्गिकेला मंजुरी दिली. वडाळ्याहून गेटवे ऑफ इंडियाकडे जाणारी ही सुमारे १७.५ किलोमीटरची मार्गिका भायखळा, नागपाडा व भेंडीबाजार या भागांतून जायची आहे. म्हणजे आमच्या बिरादरीच्या कारखान्यांच्या आणि दुकानांच्या आसपास.

विकासाला विरोध करून आमचे भले होणार नाही. गाफील राहूनही होणार नाही. तेव्हा व्यापारी आणि कारागीर बांधवांनो, आजच पेटी उघडा. भाडेपावती, गुमास्ता परवाना, वीजबिल ही कागदपत्रे एका नावावर आणि चालू आहेत का ते पाहा. वारसाची नोंद राहिली असेल तर करून घ्या. पोटमाळ्यावरच्या कारागिरांचीही लेखी नोंद ठेवा, कारण रोजी त्यांचीही जाते. बाजारपेठांच्या संघटनांनी मिळून आराखडा मागवावा आणि मुदतीत लेखी हरकती द्याव्यात.

तिजारतीत बरकत अल्लाह देतो, पण हिशेब आणि कागद सांभाळण्याची जबाबदारी त्याने आमच्यावरच टाकली आहे.