एकच लेख, पाच पत्ते

शोधयंत्राच्या पोटात : भाग ६

डुप्लिकेट कंटेंट दिसलं की गूगल साइटला शिक्षा करतं, ही समजूत वेबसाइट चालवणाऱ्यांमध्ये इतकी मुरली आहे की एसईओवाल्यांचा निम्मा धंदा त्या भीतीवरच चालत असावा. गूगलने २००८ सालीच लिहून टाकलं होतं की अशी सरसकट शिक्षा वगैरे काही नसते. त्यांच्या स्पॅमविरोधी विभागाचे तेव्हाचे प्रमुख मॅट कट्स यांनी तर २०१३ मध्ये वेबवरचा २५ ते ३० टक्के मजकूर डुप्लिकेटच असतो आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही, असं सांगितलं. मग भीती आली कुठून? बरीचशी २०११ मधून. त्या फेब्रुवारीत ‘पांडा’ नावाचा बदल आला, अमेरिकेतल्या सुमारे १२ टक्के शोधांचे निकाल त्याने हलवले आणि उचललेल्या, पाणी घालून वाढवलेल्या मजकुरावर पानंच्या पानं उभी करणाऱ्या साइट्स धडाधड खाली गेल्या. स्वतःच्याच साइटवर स्वतःचाच लेख दोनदा दिसणं हा मामला वेगळा. त्यात शिक्षा नाही. नुकसान होऊ शकतं, पण लोक शोधतात तिथे ते बहुधा नसतंच.

ते कुठे असतं हे कळायला आधी दोन पानं सारखी आहेत हे यंत्र ओळखतं कसं, ते बघू. अक्षर न् अक्षर सारखं पान ओळखणं सोपं. पंचाईत होते ती जवळजवळ सारख्या पानांची : लेख तोच, पण वरची तारीख वेगळी, बाजूच्या पट्टीतली जाहिरात वेगळी. अल्टाविस्टा हे शोधयंत्र जोरात होतं त्या काळात, १९९७ मध्ये, आंद्रे ब्रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर तोडगा काढला आणि तो ३ कोटी पानांवर चालवून दाखवला. मजकुराचे ठरावीक शब्दांचे तुकडे पाडायचे, तेही छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर चढलेले.

‘भाजणी मंद आचेवर खमंग भाजून घ्या’ हे वाक्य घ्या. तीन-तीन शब्दांचे तुकडे पाडले तर ‘भाजणी मंद आचेवर’, ‘मंद आचेवर खमंग’, ‘आचेवर खमंग भाजून’ आणि ‘खमंग भाजून घ्या’ असे चार होतात. आता ‘खमंग’ काढून ‘नीट’ घातलं, तर चारातले तीन तुकडे बदलतात. म्हणजे एवढ्याशा वाक्यात मोठीच उलथापालथ. पण आठशे शब्दांच्या लेखात असे ७९८ तुकडे पडतात आणि एक शब्द बदलल्याने त्यातले फार तर तीन हलतात. बाकीचे जुळले की पान तेच. इकडचा शब्द तिकडे करून ‘युनिक कंटेंट’ तयार केल्याचं समाधान मानणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून बघावा.

पुढे २००२ मध्ये मोझेस चारीकर यांनी, हे मुंबईच्या आयआयटीत शिकलेले, अख्ख्या मजकुराचा एक छोटा अंकी ठसा काढायची पद्धत मांडली. तिची गंमत अशी की मजकूर थोडा बदलला तर ठसाही थोडाच बदलतो. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ च्या एका शोधनिबंधात दाखवलं, की ८ अब्ज पानांच्या साठ्यालाही ६४ बिटांचा ठसा पुरतो. दोन ठशांत तीन किंवा त्याहून कमी बिटांचा फरक असला की पानं जवळपास सारखी समजायची.

सारखी पानं सापडली की यंत्र त्यांचा एक गट करतं आणि त्यातलं एक पान प्रमुख म्हणून निवडतं. निकालात सहसा तेच दिसतं. गटातल्या इतर पत्त्यांना बाहेरून मिळालेल्या लिंकांचं वजनही सहसा त्याच्याच खात्यात जमा होतं.

आता वर्डप्रेसवर चकलीचा एक लेख टाका. तो स्वतःच्या पत्त्यावर दिसतो. थीम पूर्ण मजकूर दाखवणारी असेल तर मुखपृष्ठावरही अख्खा उतरतो. कॅटेगरीच्या पानावर, ‘दिवाळी’ या टॅगच्या पानावर आणि त्या महिन्याच्या संग्रहातही तोच. शिवाय फेसबुकवरून कुणी आलं की पत्त्याला ‘एफबीक्लिड’चं लांबलचक शेपूट चिकटतं, ते वेगळंच. या सगळ्याने दचकायचं कारण नाही. शेपूटवाल्या पत्त्यांसाठी कॅनॉनिकल टॅग आहे. ‘माझा खरा पत्ता हा’ असं पानाच्या कोडमध्येच सांगणारी ही एक ओळ. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टने मिळून फेब्रुवारी २००९ मध्ये ती आणली आणि त्याच वर्षाअखेरीस वर्डप्रेस लेखांच्या पानांवर ती आपणहून घालू लागलं. यादीच्या पानांवर पूर्ण लेखाऐवजी चार ओळींचा सारांश ठेवला की तिथलाही प्रश्न मिटला.

दोन गोष्टी मात्र ध्यानात असू द्या. कॅनॉनिकल हा हुकूम नसतो, शिफारस असते. तुम्ही एक पत्ता सांगता आणि साइटमधल्या लिंका दुसऱ्याकडे बोट दाखवतात, अशी गत असेल तर गूगल स्वतःच्या मनाने निवडतं. कुठला पत्ता निवडला ते गूगलच्या ‘सर्च कन्सोल’ या टूलमध्ये पान तपासलं की कळतं. दुसरं, सारखी पानं लपवायला रोबोट्सच्या फाइलमध्ये बंदी घालू नका. बंदी घातली की यंत्र पान वाचतच नाही, आणि वाचलंच नाही तर त्यातला कॅनॉनिकल टॅग त्याला दिसणार कसा?

खरा तोटा होतो तो सारख्या पानांच्या अशा गटात न बसणाऱ्या लेखांचा. समजा, पाककृतींची एक साइट दर दिवाळीला भाजणीच्या चकलीवर नवा लेख टाकते. २०२१ चा, २०२२ चा, २०२३ चा. वाक्यं वेगळी, फोटो वेगळे. तुकडे जुळत नाहीत, ठसे जुळत नाहीत, म्हणून यंत्राच्या लेखी ही तीन स्वतंत्र पानं. पण उत्तर मात्र एकाच प्रश्नाचं, ‘चकली तेलात विरघळते, काय करू?’ कुणी पहिल्या लेखाची लिंक दिलेली, कुणी तिसऱ्याची. या लिंकांचं वजन एकत्र होत नाही, कारण एकत्र करायला यंत्राला कारणच मिळालेलं नाही. आणि मग मोहनाचं प्रमाण नीट समजावणारा लेख मागे राहतो आणि २०२१ मध्ये घाईत लिहिलेला वर दिसतो. अक्षरशः नक्कल असती तर परवडलं असतं, निदान वजन तरी एका जागी गेलं असतं. एसईओवाले याला ‘कॅनिबलायझेशन’ असं भयंकर नाव देतात. माझ्या मते डुप्लिकेटच्या नावाने होणाऱ्या रडारडीतलं बरंचसं दुखणं हेच असतं आणि ते कुठल्याही तपासणीच्या टूलमध्ये ‘डुप्लिकेट’ म्हणून दिसत नाही.

हुडकायची युक्ती सोपी आहे. सर्च कन्सोलमध्ये एखादा शोधशब्द निवडायचा आणि त्यासाठी तुमची कोणकोणती पानं दिसली ते बघायचं. एकाच शब्दावर तीन पानं आलटून पालटून वरखाली होत असली, की तिन्ही उघडून वाचा. प्रत्येकातलं चांगलं तेवढं एका लेखात आणा आणि उरलेल्या दोन पत्त्यांवरून तिकडे ३०१ रीडायरेक्ट लावा. जुने लेख नुसते पुसून टाकू नका, त्यांच्याकडे येणाऱ्या लिंका अधांतरी राहतात. पत्त्यात साल घालायची सवय असेल तर ती सोडा आणि पुढच्या दिवाळीला नवा लेख न टाकता त्याच लेखात भर घाला.

मराठी लेखांच्या पत्त्यांची एक निराळी गंमत आहे. देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह पत्त्यात नऊ खुणांचं होतं, काना-मात्रा धरून. वर्डप्रेसची मर्यादा दोनशे खुणांची. म्हणजे बावीस चिन्हांनंतर शीर्षक कापलं जातं. लेखमालेचं लांबलचक नाव प्रत्येक शीर्षकात आधी लिहिलंत तर सगळ्या भागांचा पत्ता एकाच जागी तुटतो आणि वर्डप्रेस मागे नुसतं २, ३, ४ लावत सुटतं. गूगल यावरून दोन भागांना एक समजत नाही, ते मजकूर बघतं. पण व्हॉट्सॲपवर लिंक पाठवणाऱ्याला यातला चौथा भाग कुठला हे पत्त्यावरून खात्रीने सांगता येणार नाही. तेव्हा पत्ता हाताने लिहा, छोटा लिहा आणि भागाचा आकडा सुरुवातीलाच घाला.

(पुढच्या आठवड्यात : साइटमॅप)