घरगुती धंदा आणि काळीपांढरी चौकट

मालवणच्या धक्क्यावर उभें राहून समोर पाहावें, तर इ. स. १६६४ मध्यें ज्याच्या बांधकामास आरंभ झाला तो सिंधुदुर्ग आपल्या जागीं स्थिर उभा आहे. आणि मागें वळून बाजाराकडे पाहावें, तर दहा-बारा वर्षांपूर्वीं कोणाच्या स्वप्नींही नव्हती अशी एक वस्तु आतां दुकानोदुकानीं चिकटलेली दिसते. ती वस्तु म्हणजे काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची चौकोनी चौकट. शहाळीं विकणारा, खाजें विकणारी, किल्ल्याची होडी वल्हविणारा, सर्वांजवळ ती असते. शास्त्रीय भाषेंत तिला क्यूआर कोड म्हणतात. लोक मात्र सरळ 'स्कॅनर' म्हणून मोकळे होतात. आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं लहानमोठा घरगुती धंदा असेल, म्हणून या चौकटीविषयीं चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटलें.

ही चौकट मूळची जपानची. डेन्सो वेव्ह या कंपनीतील मासाहिरो हारा या अभियंत्यानें सहकाऱ्यांच्या मदतीनें ती १९९४ सालीं तयार केली, आणि तीही दुकानांसाठीं नव्हे, तर मोटारींच्या कारखान्यांत सुट्या भागांची नोंद चटकन् घेतां यावी म्हणून! पेटंट जवळ असूनही कंपनीनें त्याचा हक्क इतरांवर गाजविला नाहीं. त्यामुळें ती जगभर पसरली. तिच्या तीन कोपऱ्यांतील मोठे चौकोन फोनच्या कॅमेऱ्यास चौकट कोठें आहे हें दाखवितात आणि उरलेल्या ठिपक्यांत मजकूर भरलेला असतो. त्यांत कांहीं खुणा मुद्दाम जास्तीच्या घातलेल्या असतात. म्हणून खाऱ्या वाऱ्यानें पाटीचा एखादा भाग डागळला, तरी बहुधा ती वाचतां येते.

दुकानाच्या पाटींत पैसा नसतो. टपालाच्या पाकिटावर जसा पत्ता, तसा येथें रक्कम कोणास पाठवावयाची त्याचा केवळ पत्ता असतो. ती रक्कम पोहोंचविण्याचें काम यूपीआय ही योजना करते. २००८ सालीं स्थापन झालेल्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या संस्थेनें ती ११ एप्रिल २०१६ रोजीं मुंबईंत सुरू केली. गिऱ्हाईक एका बँकेचें, दुकानदार दुसऱ्या बँकेचा. एकाच्या फोनवर गूगल पे, दुसऱ्याच्या फोनवर फोनपे. तरी रक्कम क्षणार्धांत या खात्यांतून त्या खात्यांत जाते. सुट्या पैशांची ओढाताण संपली, हा तर मोठाच लाभ. तथापि जी सोय दार सताड उघडते, तिच्या दाराशीं कोण उभें आहे हें पाहण्याचें काम आपल्यालाच करावें लागतें.

आमच्या परिचयाचें एक एकत्र कुटुंब मालवणहून आचऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर राहतें. तीन भावांचा संसार. वर सासूबाईंची देखरेख. धाकट्या वहिनींनीं कांहीं वर्षांपूर्वीं मागच्या पडवीला लागून असलेल्या दोन खोल्या पाहुण्यांसाठीं सजविल्या आणि त्याच्या जोडीला सोलें, आगळ, फणसपोळी व कुळथाचें पीठ विकण्यास आरंभ केला. पुण्यास असणाऱ्या पुतण्यानें सुटींत येऊन त्यांच्या फोनवर यूपीआय चालू करून दिलें, छापील पाटी आणून दिली, आणि पैसे कसे द्यावे हेंही दाखविलें. एवढ्यानें शिकवणी पुरी झाली असें सर्वांस वाटलें.

मे महिन्याचे दिवस. अंगणांत रातांबे फोडण्याचें काम चाललेलें. पाऊस येण्यापूर्वीं सोलें वाळलीं पाहिजेत म्हणून सगळ्यांची घाई. अशा वेळीं वहिनींना एक फोन आला. बोलणारा हिंदींत बोलत होता. आपण फौजेंतील अधिकारी असून दोन्ही खोल्या चार दिवसांकरितां हव्या आहेत, असें त्यानें सांगितलें. भावाची घासाघीस नाहीं, उलट सर्व रक्कम आगाऊ देण्याची तयारी! मात्र फौजेचे पैसे विशिष्ट रीतीनेंच निघतात, म्हणून आपण एक चौकट पाठवितों. ती फोननें वाचून घेऊन आपला गुप्त आकडा घाला, कीं रक्कम जमा होईल, असें तो म्हणाला. वहिनींनीं तसें केलें. पांच हजार रुपये आले नाहींत, गेले! त्यानें तत्काळ क्षमा मागितली व दोन्ही रकमा एकदम परत करतों म्हणून दुसरी चौकट पाठविली. आणखी पांच हजार गेले, आणि त्यानंतर तो फोन कायमचा मुका झाला.

आतां या गोष्टींतील खरें दुःख पुढेंच आहे. वहिनी दोन दिवस कोणाशीं कांहींच बोलल्या नाहींत. 'एवढी शिकलेली, आणि अशी फसली?' हें थोरल्या जाऊबाईंच्या तोंडून ऐकावें लागेल, ही धास्ती. आणि धंद्याचा हट्ट आपलाच, तेव्हां तो आतां बंद करावा लागेल, ही त्याहून मोठी धास्ती. तिसऱ्या दिवशीं सासूबाईंच्या लक्षांत आलें, कीं सूनबाईंच्या ताटांतील भात तसाच राहत आहे. त्यांनीं जवळ बसवून विचारलें, तेव्हां सारी हकीकत बाहेर पडली. सासूबाई एवढेंच म्हणाल्या, "अगो, घरांत चोर शिरला तर आपण ओरडतों, कीं लाज वाटते म्हणून गप्प बसतों? कर बघूं आधीं फोन."

फोन केला, तक्रार नोंदली गेली. परंतु तोंवर रक्कम एका खात्यांतून दुसऱ्या व दुसऱ्यांतून तिसऱ्या खात्यांत जाऊन नाहींशी झाली होती. दहा हजार रुपये म्हणजे त्या घरीं सबंध हंगामाच्या सोलांची कमाई.

या प्रकरणांतून जो नियम निघतो तो लहान मुलासही पाठ होईल इतका सोपा आहे. पैसे घेण्यासाठीं गुप्त आकडा कधींही लागत नाहीं. हा आकडा, ज्यास 'पिन' म्हणतात, तो तिजोरीच्या किल्लीसारखा आहे. तो घातला कीं आपली तिजोरी उघडते, दुसऱ्याची नव्हे. पैसे घेणारानें चौकट दाखवावयाची असते, वाचावयाची नसते. जो कोणी 'पैसे देतों, पण आकडा घाला' म्हणेल, तो अधिकारी असो वा आप्त असो, तेथें फोन खालीं ठेवावा.

दुसरी गोष्ट पडताळ्याची. गिऱ्हाईक आपल्या फोनचा पडदा दाखवून 'पैसे गेले' म्हणतें. तो पडदा खोटा बनवितां येतो. म्हणून जमेची खूण नेहमीं आपल्याच खात्यांत पाहावी, अथवा रक्कम जमा होतांच मोठ्यानें सांगणारी बोलकी डबी बँकेकडून किंवा अशा सेवा देणाऱ्या कंपनीकडून घ्यावी. ज्या आजींना बारीक अक्षर दिसत नाहीं, त्यांना ही डबी विशेष उपयोगी पडते. आपली पाटीही रोज सकाळीं एकदां पाहावी. रात्रींतून तिच्यावर दुसऱ्याची चौकट चिकटवून जाणारे लोकही असतात. मदतीचा फोन क्रमांक इंटरनेटवर शोधून लावूं नये, तो बँकेच्या पासबुकावरून घ्यावा. आणि अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून फोनमध्यें कोणतेंही अॅप भरूं नये, कारण कांहीं अॅपांतून आपला पडदा दुसऱ्यास दिसतो.

तिसरी गोष्ट हिशेबाची. धंदा जिचा, खातेंही तिच्याच नांवाचें असावें, व तें घरखर्चाच्या खात्याहून वेगळें असावें. जुलै २०२५ मध्यें शेजारच्या कर्नाटकांत यूपीआयवरील जमा पाहून अनेक छोट्या दुकानदारांस जीएसटीच्या नोटिसा आल्या, आणि कांहींनीं भीतीनें पाट्याच काढून ठेवल्या. धंद्याचा पैसा, भावाकडून आलेली रक्कम व भिशीचे पैसे एकाच खात्यांत मिसळले, तर पुढें कोणास काय उत्तर द्यावें? पाटी काढण्यापेक्षां रोजकीर्द लिहावी, हा आमच्या आजोबांच्या वेळचा उपाय आजही खरा आहे.

आणि रोकड अजिबात सोडूं नये. मे २०२१ मध्यें तौक्ते वादळ या किनाऱ्यावरून गेलें, तेव्हां झाडें व विजेचे खांब पडून ठिकठिकाणीं वीज गेली. वीज नाहीं तेथें फोन किती वेळ टिकणार? अशा दिवसांसाठीं डब्यांत थोड्या नोटा व सुटे पैसे ठेवणें हा जुनाटपणा नव्हे, शहाणपणा आहे.

इतकें करूनही एखाद्या वेळीं फसगत झालीच, तर १९३० हा क्रमांक तत्काळ फिरवावा. आर्थिक फसवणुकीच्या तक्रारीसाठींच तो देशभर ठेवलेला आहे. तक्रार वेळेवर पोहोंचली, तर रक्कम पुढें सरकण्यापूर्वीं ती वाटेंत अडविण्याचा प्रयत्न बँकांना करतां येतो. त्याबरोबरच आपल्या बँकेसही कळवावें. येथें दिवसाची नव्हे, घटकेची किंमत आहे.

म्हणूनच आमची शेवटची विनंती धंदा करणारीस नसून तिच्या घरच्या वडील मंडळींस आहे. फसणें हा मूर्खपणाचा पुरावा नव्हे. चांगले शिकलेसवरलेले लोकही फसतात. ज्या घरांत चूक सांगणारीस आधीं बोल लागतात, तेथें चूक दोन दिवस लपून राहते, आणि तेवढ्यांत चोर दूर निघून जातो. घर असें असावें, कीं झालेली गोष्ट झाल्या क्षणीं बोलतां यावी.

वहिनींचा धंदा बंद पडला नाहीं, हें सांगावयास आम्हांस आनंद वाटतो. पडवींतील पाटी जागच्या जागीं आहे, व तिच्याखालीं थोरल्या जाऊबाईंनीं स्वतःच्या वळणदार अक्षरांत एक चिठ्ठी लावली आहे: 'येणाऱ्या पैशाला आकडा नाहीं.' पाहुणे ती वाचून हंसतात. आणि आपापल्या घरीं लावण्यासाठीं तिचा फोटो काढून नेतात.